उन्हात वाळवलेल्या टोप्या

आज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना चिमटा दाबला आणि तो टच्चकन मोडला. निळा, प्लास्टिकचा, कालपर्यंत मुकाट्याने काम करणारा. सून खालून म्हणाली, "आई, हल्ली मालच हलका येतो." माल हलका असेलही, पण चिमटा रात्रभर दोरीवर थंडीत होता आणि उन्हं यायच्या आत मी त्याला कामाला लावलं होतं. दोन्ही तुकडे उजेडात धरून पाहिले. मोडलेल्या कडेला पांढरी रेघ नव्हती, कड काचेसारखी स्वच्छ होती. अशी कड मी पहिल्यांदा पाहिली त्याला पन्नास वर्षं झाली.

आमच्या नगरची थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, बाटलीतलं खोबरेल गोठून पांढरं होतं. ती बाटली उन्हात ठेवायची, तेल सुटलं की मग वेणी. सकाळी कानाला मफलर आणि दुपारी डोक्यावर पदर, असा एकाच दिवसात दोन ऋतूंचा संसार. या थंडीचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मीही बी.एस्सी. होईपर्यंत त्यांतलीच होते. बहात्तर सालच्या मार्गशीर्षानंतर मला कौतुक जमेनासं झालं.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, त्यामुळे थंडीचे नेहमीचे वास नव्हते. हुरड्याची आगटी नाही, हरभऱ्याची आंबूस पानं नाहीत, नुसती धूळ आणि गार वारा. नागापूरच्या माळावर तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते. बाभळी तोडून आखलेले रस्ते, त्यांच्या कडेला पत्र्याच्या शेड, आणि एकेका शेडमधून येणारा वेगळाच वास. आमच्या शेडचा वास वितळलेल्या प्लास्टिकचा, गोडसर आणि घशाला चिकटणारा. तो माझ्या साडीला यायचा म्हणून आई बाहेरच्या खोलीत मला साडी बदलायला लावायची. "मुलगी कॉलेजात शिकवेल म्हणून शिकवलं, ही टोप्या करते," असं ती शेजारणींना सांगे. त्यात राग किती आणि अभिमान किती, ते मला कधी नीट कळलं नाही.

टोप्या म्हणजे कामगारांनी डोक्याला घालायच्या, दगडधोंड्यांपासून वाचवणाऱ्या टणक टोप्या. पिवळ्याधमक. तपासणी माझ्याकडे होती. बारा पुरुषांच्या शेडमध्ये मी एकटी बाई, आणि नाकावर राग ठेवून वावरणारी. राग ठेवला नाही तर कोणी ऐकत नाही, असा माझा समज होता. तो फारसा चुकीचाही नव्हता.

माझ्या हाताखाली सखारामभाऊ होते. जामखेडकडचे, चाळिशीचे, सावकाश बोलणारे. त्यांचं घराणं दर हिवाळ्याला ऊस तोडायला कोपरगावकडे जाणारं. हे एकटेच पाय मोडल्यामुळे कोयता सोडून कारखान्यात आलेले. तपासणीची आमची पद्धत साधी होती. लाकडाचं कोरलेलं एक डोकं होतं, त्यावर मालातली निवडून काढलेली टोपी चढवायची आणि वरून खुणेच्या उंचीवरून लोखंडी गोळा सोडायचा. त्या लाकडी डोक्याला शेडमध्ये सगळे 'जावई' म्हणत. "बसून ऱ्हातो, नवी टोपी घेतो, कामाचं नाव न्हाई," असं सखारामभाऊंचं म्हणणं. गोळा पडला की 'ढब्' असा जाड आवाज यायचा, टोपीला किंचित पोचा पडायचा आणि पोच्याभोवती पिवळ्या रंगात पांढरट डाग उमटायचा. तो डाग दिसला की मी रजिस्टरात 'पास' लिहून सही करायची.

पांढऱ्या डागाचं मला भारी कौतुक होतं. नुसतं प्लास्टिक टणक असतं, पण काचेच्या जातीचं. घाव बसला की फुटून मोकळं होतं. म्हणून त्यात रबराचे कण मिसळतात, डोळ्यांना न दिसणारे. घाव आला की ते कण ताणतात, थोडा थोडा मार वाटून घेतात, आणि त्या ताणाच्या जागी असंख्य बारीक भेगा पडून पांढरेपण दिसतं. पांढरं पडणं म्हणजे वस्तूनं मार सोसला. आणि थंडी वाढली की त्या रबराचंही अंग आखडतं, ते ताणेनासं होतं, मग मिसळलं काय नि न मिसळलं काय. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत मी त्याची वक्ररेषा इतकी सुबक काढली होती की सरांनी उत्तरपत्रिका वर्गात फिरवली. आडव्या रेषेवर 'तापमान' असं मीच वळणदार अक्षरात लिहिलं होतं. त्या शब्दाचा आपल्या अंगातल्या स्वेटरशी काही संबंध असेल, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात कालव्याच्या एका कामावर पाठवायच्या टोप्या आम्ही करत होतो. उत्तरेला, दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर, खडकातून खोल खोदाई चालली होती. संध्याकाळी सुरुंग उडवायचे आणि सकाळी उजाडताच माणसांनी खाली उतरून सुटलेला दगड बाहेर काढायचा. वरच्या कडांना लटकून राहिलेले दगड सकाळीच खाली येत. त्या वर्षी तोडायला ऊस नव्हता, म्हणून सखारामभाऊंचा धाकटा भाऊ नामदेव बायकोसह त्या कामावर गेला होता. "आपल्या हातची टोपी नाम्याच्या डोक्यावर बसनार," असं म्हणून सखारामभाऊ प्रत्येक टोपी धोतराच्या सोग्यानं पुसत.

पुसणं मला पुरेसं वाटत नव्हतं. साच्याचं तेल टोपीला राही, ते माझ्या बोटांना आणि तिथून रजिस्टराला लागे, आणि माझं रजिस्टर म्हणजे माझा देव्हारा. मी फर्मान काढलं: तपासणीची प्रत्येक टोपी आधी सोड्याच्या पाण्यानं धुवायची आणि दक्षिणेच्या भिंतीवर उन्हात वाळवायची. वाळली की मगच जावयाच्या डोक्यावर. त्यामुळे तपासणी दुपारची. भिंतीवर ओळीनं पिवळ्या टोप्या ऊन खात बसलेल्या, हे दृश्य मला फार आवडे. साहेबही म्हणाले, "बाई आल्यापासून शिस्त आली." साहेब पुण्याचे इंजिनीअर, सरळ माणूस, त्यांच्या शाबासकीनं मी दोन दिवस हवेत होते.

मधेच नेहमीचा कच्चा माल मिळेना, म्हणून दुसरीकडचे प्लास्टिकचे दाणे आले. त्यातलं रबर वेगळ्या जातीचं आहे हे कागदावर लिहिलेलंच होतं. मी तो कागद वाचला, टोप्या धुतल्या, वाळवल्या, तपासल्या. 'ढब्', पांढरा डाग, पास. टेम्पो भरून माल गेला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले. शेडवर अजून सूर्य आला नव्हता. भिंतीवर एक टोपी राहून गेली होती, रात्रभर. हात लावला तर बोटं बधिर होतील इतकी गार. रजिस्टरात आदल्या दिवशीचा एक आकडा रिकामा होता. मला रिकामा रकाना सहन होत नसे. म्हटलं, "सखारामभाऊ, ही एक उरकून टाका." त्यांनी ती जावयाला घातली आणि गोळा सोडला.

टच्च.

आवाज इतका बारीक होता की मला वाटलं बाहेर कुठेतरी काटकी मोडली. टोपीचे दोन तुकडे जावयाच्या दोन बाजूंना पडले होते. कड स्वच्छ, पांढरेपणाचा मागमूस नाही. सखारामभाऊंनी तुकडे उचलले, एकमेकांना लावून पाहिले, आणि शेडच्या कोपऱ्यातल्या त्याच मालाच्या शिल्लक टोप्या आणायला गेले. दुसरी फुटली. तिसरी फुटली. चौथीला तेवढा पोचा पडला. पाचवी फुटली तेव्हा मी म्हटलं, "थांबा."

ते म्हणाले, "बाई, नाम्या आत्ता खाली उतरला आसंल."

त्या क्षणी परीक्षेतली ती वक्ररेषा माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली, सुबक, वळणदार अक्षरांसकट. मी उन्हात तापवलेल्या टोप्यांना पास केलं होतं आणि तोच माल थंडीत घालायला पाठवला होता. कोणी फसवलं नव्हतं, कोणी चोरी केली नव्हती. माझ्या स्वच्छतेनं हे केलं होतं.

साहेब दहाला आले. तोवर ऊन शेडच्या दारातून आत सरकलं होतं आणि पत्रा तापू लागला होता. मी त्यांना तुकडे दाखवले. ते म्हणाले, "माझ्यासमोर करा." सखारामभाऊंनी टोपी ठेवली, गोळा सोडला. ढब्. पांढरा डाग. दुसरी ठेवली. ढब्. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, जागरण झालेल्या माणसाकडे पाहावं तसं. मला रडू येत होतं आणि रडले असते तर सगळं संपलं असतं, हेही कळत होतं.

"साहेब, सकाळची थंडी पाहिजे. ती आता गेली."

"मग उद्या सकाळी पाहू."

"उद्या सकाळी ती माणसं पुन्हा खाली उतरतील," मी म्हटलं, आणि माझा आवाज सगळ्या शेडला ऐकू गेला.

सखारामभाऊ तेवढ्यात सायकल घेऊन बाहेर पडलेसुद्धा होते. तासाभरानं परतले ते कॅरियरला बांधलेलं गोणपाट ठिबकवत. आत लाकडाच्या भुश्शात बर्फाची लादी. हिवाळ्यात बर्फ कोण घेतं? बर्फवाल्यानं विचारलं म्हणे, घरात कोणी गेलंय का. बर्फ फोडून पाण्यात टाकला, थर्मामीटरचा पारा सकाळी टिपलेल्या आकड्यावर आला की मी टोपी त्यात बुडवली. अर्धा तास ठेवली. हात लाल झाले होते, बोटं वाकत नव्हती. भर दुपारी, ऐन उन्हात, टोपी जावयाच्या डोक्यावर टच्चकन फुटली. साहेबांनी दुसरी स्वतः बुडवली, स्वतः गोळा सोडला. तुकडे पायाशी आले. ते वाकून उचलत म्हणाले, "टेम्पो घ्या. सगळा माल परत आणा. दाणे बदलतो."

टेम्पोत पुढे ड्रायव्हर, मी आणि सखारामभाऊ. दोन्ही बाजूंना करपलेली रानं. सखारामभाऊ सगळा रस्ता एकच तुकडा हातात फिरवत बसले होते. मी म्हटलं, "चूक माझी आहे. धुवून उन्हात वाळवायचं मीच सांगितलं." वाटलं होतं, ते म्हणतील, न्हाई बाई, तुमची काय चूक. ते म्हणाले, "व्हय." मग हातातला तुकडा उलटा करून म्हणाले, "वाळत मीच घातल्या."

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. कामावरची माणसं वर आलेली, पालांपुढे चुली पेटलेल्या. नामदेव दिसला आणि सखारामभाऊंनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं. "आरं, काय झालं दादा?" तो हसत होता, टोपी काखेत होती. मुकादम पुढे आला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "एक सकाळीच फुटली की तुमची. हातातनं पडली निस्ती, दगडावर." हातातून पडली, एवढ्यावर निभावलं होतं.

मी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं. टोप्या थंडीत फुटतात, परत द्या, आठ दिवसांत नव्या येतील. मला वाटलं होतं चिडतील. ते चिडले नाहीत, त्यांनी टोप्या पाठीमागे धरल्या. नामदेव म्हणाला, "आन् आठ दीस काय घालू? काल परवापातुर फडकं हुतं. हिच्यात निदान बारका दगड तरी लागत न्हाई. म्या न्हाई देनार." बाकीचेही तेच म्हणाले. मी मुकादमाला म्हटलं, ऊन खाली पोचेपर्यंत माणसं उतरवू नका. तो म्हणाला, "खाली ऊन येतंया आकराला. तवर दगडाचं मोजमाप कोन भरनार? तुमी?"

उघडं डोकं की फुटणारी टोपी, यातलं निवडायला मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं. शेवटी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. टोपी रात्री बाहेर टांगू नका. गोधडीत घेऊन झोपा. सकाळी चुलीच्या धगीला धरा, पण लांबून, नाहीतर वाकेल. आणि डोक्याला मुंडासं गुंडाळून वर घाला.

हशा पिकला. "टोपी घिऊन झोपू? मंग बायकूला कुटं ठिऊ?" नामदेव म्हणाला. त्याची बायको कौसा चुलीपाशी बसली होती, दिवस गेलेली, पाचवा-सहावा महिना असावा. ती एकटी हसली नाही. तिनं चुलीकडेच बघत विचारलं, "बाई, किती ऊब लागंल?"

मी म्हटलं, "तान्ह्याला लागते तेवढी."

तिनं मान हलवली. आम्ही रिकामा टेम्पो घेऊन परतलो.

ते आठ दिवस मी कसे काढले, हे आज लिहितानाही नीट आठवू नये असं वाटतं. पहाटे जाग यायची आणि आधी हात गोधडीबाहेर काढून हवा पाहायची. आज जास्त आहे का कालपेक्षा? आई म्हणायची, एवढं काय त्या हवेत. सायकलवरून येणारा प्रत्येक तारवाला माझ्याकडेच येतोय असं वाटे. एक शंका तर मला कुरतडत होती: गोधडीतली ऊब बाहेर आल्यावर टिकणार किती? जावयावर ते कळेना, त्याच्या लाकडी डोक्यात रक्त नव्हतं. मी हे बोलून दाखवलं, तर सखारामभाऊंनी मुंडासं गुंडाळलं, शेकलेली टोपी घातली आणि उजाडायच्या वेळी शेडबाहेर माळावर जाऊन बसले. वारा कापत होता. अर्ध्या तासानं मी ती टोपी त्यांच्या डोक्यावरून काढली आणि पळत आत आणून गोळा सोडला. ढब्. दुसऱ्या दिवशी तासभर बसले. त्या टोपीला पोचा पडला, पण कडेला चीर गेली. मी त्याच दिवशी कामावर जाणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या हाती चिठ्ठी दिली: अर्ध्या तासाला एकदा वर येऊन टोपी शेका. ती कोणी वाचली का, वाचून कोणी ऐकलं का, कळायला मार्ग नव्हता. मुकादमाचा चेहरा आठवे आणि आशा सुटे.

मी तेव्हा देवाला काही मागणारी नव्हते. पण त्या आठवड्यात रोज शेडच्या दारात उभं राहून मी उन्हाला 'लवकर ये' म्हणत होते, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

नव्या दाण्यांच्या टोप्या आम्ही पहाटेच्या थंडीत तपासल्या, न धुता, तेलकटच. माझ्या रजिस्टराची पानं डागाळली. ती डागाळलेली पानं मला आवडली. सखारामभाऊ टेम्पो घेऊन गेले. मी गेले नाही, धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुन्या टोप्यांची पोती घेऊन आले. पोती खाली ठेवली, आणि काखेतली एक टोपी काढून माझ्या टेबलावर, रजिस्टराशेजारी ठेवली.

टोपीच्या माथ्यावर नारळ मावेल एवढा खोल पोचा होता. पोच्याभोवती पांढरा डाग, माझ्या पंज्यापेक्षा मोठा. मी अंगठा फिरवला. एकही चीर नव्हती.

"नाम्याची," सखारामभाऊ म्हणाले. "काल सकाळी वरनं धोंडा आला. मान धरलीया, डोकं सलामत हाय. खाली उतरून जरा येळच झाला हुता म्हनं."

मी म्हटलं, "म्हणजे नामदेवनं ऐकलं तर."

"नाम्या कसला ऐकतोय. त्यो टोपी बाहीरच टाकायचा, खुट्टीला. कौसा उचलून आनायची. आटी राती पोटाशी धरून झोपली. सकाळी धगीला धरून, त्याच्या डोक्यात घालूनच खाली सोडायची. मुकादम वरडायचा, त्याला म्हनायची, वरड."

शेडमध्ये यंत्र सुरू झालं होतं. दारातून ऊन आत येत होतं, अजून गार, नुसता उजेड असलेलं. मी रजिस्टर उघडलं. तपासणीच्या पानावर आकडा होता, तारीख होती, निकालाचा रकाना होता, आणि शेवटी 'तपासणी करणाराची सही' असा रकाना, ज्यात पानामागून पान माझीच सही होती. मी नवी ओळ घेतली. निकालात 'पास' लिहिलं. सहीपाशी लेखणी थांबली.

"सखारामभाऊ," मी विचारलं, "कौसाचं पूर्ण नाव काय हो?"

"कौसल्या," ते म्हणाले. "कौसल्या नामदेव."

मी ते लिहिलं.